फॅक्सला करडा रंग चालत नाही

१

शटर वर करायला कुणी हात लावलेला सीमंतिनीला खपत नसे. शेजारचा चहावाला दौलतसिंह रोज म्हणायचा, "लाओ भाभीजी, हम उठा दें," आणि ती रोज मराठीतच ऐकवायची, "माझे हात अजून गळून पडले नाहीत." त्याला कळायचं सगळं. शिंदे की छावनीत, मराठी घरांच्या या मोहल्ल्यात, जन्म काढलेल्या माणसाला तेवढं मराठी येतंच.

दुकान पुढून झेरॉक्सचं, मागे स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे एक लांब लाकडी बाकडं, त्यामागे निळा पडदा, दोन दिवे आणि स्टँडवर कॅमेरा. तिचे यजमान विश्वासराव फौजेतून सुटून आले तेव्हा त्यांनी हे मांडलं होतं. ते गेल्यावर मुलगा केदार बेंगळुरूहून म्हणाला, विकून टाक. ती म्हणाली, "आणि दिवसभर काय करू? भिंती चाटू?" शिक्षण चौथीपर्यंत, पण कॉम्प्युटरवर काय दाबलं की काय होतं हे तिने बघून बघून डोक्यात बसवलं होतं.

जानेवारीत तिच्याकडे एकच काम. फौजेतल्या लोकांच्या विधवांसाठी एक जुना फंड होता, त्याचं ऑफिस दूर पहाडात कुठेतरी. बाई जिवंत आहे याचा ताजा फोटो दर संक्रांतीपर्यंत तिथे पोचायला हवा, आणि तोही फॅक्सने. तिथे नेट कधी येतं कधी जातं, टेलिफोनची लाइन मात्र टिकून आहे म्हणे. फोटो नाही पोचला तर बाई वारली असं धरून नाव कापायचे. मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया त्यासाठी सीमंतिनीकडेच येत. तिचं स्वतःचंही नाव त्या फंडात होतं. आपला फोटो ती सगळ्यांच्या शेवटी पाठवायची.

विश्वासरावांनी कॅमेरा कच्च्या फाइलीवर लावून ठेवला होता. केदारने कितीदा सांगितलं की आई, बदल ते, साधा फोटो निघेल. तिने नाही बदललं. कच्ची फाइल म्हणजे न निवडलेले तांदूळ. खडे, कणी, कोंडा, सगळं आत असतं. त्यातला रंग आधी काढून टाकायचा. मग फॅक्सच्या पानाच्या रुंदीत बसवायचं. आणि मग स्क्रीनवरची ती पट्टी सरकवायची, कारण फॅक्सला करडा रंग चालत नाही. ठिपका एकतर काळा, नाहीतर कोरा. नाकाची सावली, गालाचा खळगा, पदराची घडी, प्रत्येकाचं काहीतरी एक ठरवावं लागतं. पट्टी डावीकडे नेली तर बाई कागदात विरघळते, उजवीकडे नेली तर कोळसा होते. मधे कुठेतरी तिचा चेहरा सापडतो.

तो सापडेपर्यंत सीमंतिनी जागची हलायची नाही. कुणीतरी जिवंत आहे हे आपल्या हाताने ठरतं, याचं तिला बरं वाटायचं. बोलून मात्र दाखवायची नाही.

२

त्या वर्षी कोहरा असा पडला होता की समोरच्या मारुती मंदिराचा झेंडा दिसेना. अनसूयावहिनी भिंतीला हात लावत लावत आल्या. मागच्याच गल्लीत राहायच्या. बळवंतराव जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्या अजून कुंकवाच्या जागी बोट टेकवायच्या आणि मग आठवून खाली घ्यायच्या.

"चष्मा काढू की ठेवू गं?"

"ठेवा. नाहीतर फोटोत कोण आहे ते तुम्हालाच कळायचं नाही."

"तुझी जीभ एक दिवस तुलाच चावेल, सीमंतिनी."

"बसा मुकाट. हनुवटी वर."

वहिनी बाकड्यावर बसल्या. सीमंतिनीने फोटो काढला, त्यांना दौलतसिंहाकडचा चहा पाजला आणि घालवून दिलं. मग फाइल उघडली. निळा पडदा, तपकिरी शाल, चष्म्यावर दिव्याचा ठिपका. रंग काढला. पट्टी सरकवली. वहिनींचा चेहरा हळूहळू वर आला. कपाळ, नाक, ओठाची रेघ.

आणि बाकड्यामागे, वहिनींच्या बाजूला, कुणीतरी उभं होतं.

३

तिने खुर्ची मागे सारली नाही की देवाचं नाव घेतलं नाही. आधी चष्मा पुसला. मग स्क्रीन पुसली.

खांदे होते. एक वर, एक खाली. मान थोडी कलती, माणूस दाराच्या चौकटीतून वाकून आत बघतो तशी. चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी काळं जरा जास्त दाट होतं, एवढंच.

रंगीत फाइल परत उघडली. तिथे नुसता पडदा. निळा, चुण्या पडलेला. चुणीची सावली असणार. करड्याला कुठेतरी जावंच लागतं, ते काळ्यात गेलं. तिने पट्टी थोडी डावीकडे घेतली. तो फिका झाला, पण वहिनींचं नाक गेलं. आणखी घेतली. तो गेला, पण त्याच्याबरोबर वहिनीही गेल्या. बाकड्यावर एक चष्मा तेवढा राहिला. पट्टी परत आणली. वहिनींचा चेहरा जिथे सापडत होता, बरोब्बर तिथेच तोही सापडत होता. एकाला ठेवून दुसऱ्याला काढता येत नव्हतं.

तिने केदारला फोन लावला.

"आई, अंधाऱ्या भागात दाणे असतात गं. दोनच रंग उरले की ते एकत्र येतात आणि आपल्याला माणूस दिसतो. ढगात हत्ती दिसतो ना, तसं."

"हत्ती दिसला असता तर तुला फोन केला नसता."

"तू एकटी बसतेस ना दिवसभर. ये इकडे. श्रुतीही म्हणत होती."

"तुमच्या त्या बाराव्या मजल्यावर येऊन काय करू? लिफ्ट चढते-उतरते ते बघत बसू?"

"बरं, मीटिंग आहे. संक्रांतीला करतो फोन."

फोन बंद झाला. झेरॉक्सचं मशीन गरम होऊन थोडा वेळ घुमत राहिलं आणि गप्प झालं. मागच्या खोलीत दिवे तिने कधीच बंद केले होते. तरी पडद्याच्या फटीतून ती बाकड्याकडे बघून आली. बाकडं बाकड्यासारखंच होतं.

केदार म्हणाला तेच खरं, असं ठरवून तिने फॅक्स पाठवला.

४

दुसऱ्या दिवशी फंडाच्या ऑफिसातून उलट फॅक्स आला. हिंदीत, दोन ओळींचा. फोटो में दो व्यक्ति हैं. कृपया केवल लाभार्थी का फोटो भेजें.

सीमंतिनी तो कागद हातात घेऊन बसली. आपले डोळे गेले असते तर इलाज होता. डॉक्टर होता, चष्म्याचा नंबर होता. पण पहाडातल्या कुठल्याशा खोलीत, तिला न ओळखणाऱ्या बाबूनेही दोन माणसं मोजली होती.

तिने वहिनींना परत बोलावलं. निळा पडदा काढून टाकला. मागे चुन्याची पांढरी भिंत. दिवे असे लावले की भिंतीवर सावलीचा ठिपका उरू नये. भिंतीवरून हात फिरवून बघितला, ती गार होती आणि सपाट होती.

"एवढी काय परेशान होतेस?" वहिनी म्हणाल्या. "आला नसेल नीट, तर नसेल. मी कुठे पळून चालले?"

या वेळी पट्टी सरकवताना वहिनी शेजारीच उभ्या होत्या. सीमंतिनीला त्यांना घालवता आलं नाही, आणि खरं तर घालवायचंही नव्हतं. दुसरं कुणीतरी जवळ हवं होतं.

तो आता मागे उभा नव्हता. बाकड्यावरून वाकला होता, वहिनींच्या कानाशी काही सांगत असल्यासारखा. पट्टी कालच्याच जागी होती. त्याचा काळा कालच्यापेक्षा दाट होता आणि वहिनींचा चेहरा कालच्यापेक्षा कोरा. डावा गाल जवळजवळ कागदच झाला होता.

सीमंतिनी स्क्रीनपुढे हात धरणार होती. तोवर वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"हे आहेत," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"अगं हे. आमचे हे. असेच वाकून बोलायचे. मला कमी ऐकू येतं ना."

"वहिनी, ती सावली आहे."

"भिंत तर तूच पांढरी करून ठेवलीस. सावली कुठून आली मग?"

वहिनींनी तो कागद छापून घेतला, घडी न घालता छातीशी धरला आणि कोहऱ्यात निघून गेल्या. जाताना भिंतीला हात लावला नाही. एक हात किंचित वर धरून चालल्या होत्या, कुणाच्या तरी दंडाला धरावं तसा.

५

बातमी मोहल्ल्यात फिरायला किती वेळ लागतो. शांताताई आल्या, शहराच्या पार दुसऱ्या भागातून, हजीऱ्याहून, त्यांची जाऊ आली, आणखी बाया आल्या. फंडाचं नाव सांगत आणि कागदासाठी थांबत. सीमंतिनीने आधी साफ नाही म्हटलं. मग वाटलं, फोटो नाही पाठवला तर यांची नावं कापली जातील. तिने काढले, आणि आले तसे पाठवलेही.

प्रत्येकीच्या मागे तो होता. आणि प्रत्येक बाई म्हणत होती, हे आमचे हे.

सीमंतिनीने सगळ्यांच्या आपल्याजवळ ठेवलेल्या प्रती काउंटरवर ओळीने मांडल्या. बळवंतराव ठेंगणे होते, तिने स्वतः पाहिलेले. शांताताईंचे यजमान ताडमाड, दारातून वाकून यायचे. जाऊबाईंचे तर लठ्ठ होते. कागदांवर मात्र सगळीकडे एकच उंची, एकच कलती मान, एक खांदा वर, एक खाली.

तिने शांताताईंना तोंडावर सांगितलं. "हा तुमचा नाही. हा कुणाचाच नाही. सगळीकडे हा एकच आहे."

शांताताईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझ्या मागे आला का?"

"मी अजून माझा काढलेला नाही."

"मग काढ आणि मग बोल," शांताताई म्हणाल्या. त्यांनी आपला कागद उचलला. "कुणाचं सुख बघवत नाही काही जणींना."

६

अनसूयावहिनी बरेच दिवस दिसल्या नव्हत्या. दूधवाला म्हणाला, दरवाजा नहीं खोलतीं, अंदर से बोल देती हैं कि रख दो. एका दुपारी कोहरा फाटून ऊन पडलं तेव्हा सीमंतिनी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत अंघोळीनंतर येतो तसा ओलसर वास होता. खिडकीतून ऊन दिवाणावर पडलं होतं. वहिनी दिवाणाच्या एका टोकाला बसल्या होत्या, अगदी कडेला, आता खाली घसरतील अशा. पुढे दोन ताटं वाढलेली. एकातला भात संपलेला. दुसऱ्यातलाही.

"वहिनी, जेवायला कोण आलं होतं?"

वहिनींनी मान वर केली. सीमंतिनीचं पाऊल उंबऱ्यातच राहिलं. आजारी माणूस पांढरा पडतो, तसं हे नव्हतं. वहिनींचा चेहरा पुसल्यासारखा झाला होता. भुवया होत्या, पण बघत राहिलं की त्या आहेत की नाहीत ते समजेना. गालाला कड नव्हती. ऊन अंगावर पडून अंगावर थांबत नव्हतं.

"कोण आहे?" वहिनी म्हणाल्या. आवाज शेजारच्या घरातून यावा तसा.

"मी, सीमंतिनी. चला माझ्याकडे. उठा बघू."

"बाजूला हो गं जरा," वहिनी हसून म्हणाल्या. "ह्यांच्या उन्हात उभी आहेस."

दिवाणावरची गादी वहिनींच्या शेजारी खोल दबलेली होती. सीमंतिनी जन्मात कुणाला घाबरून मागे फिरली नव्हती. बाजारात हात लावणाऱ्याला तिने चपलेने बडवलं होतं. ती मागे फिरली. गल्लीच्या तोंडापर्यंत चालत आली आणि तिथून दुकानापर्यंत पळाली.

दौलतसिंहाने विचारलं, "क्या हुआ, भाभीजी?"

"काही नाही. चहा दे."

चहा तिने त्याच्या बाकावर बसून प्यायला, आजवर कधी नाही ते. ग्लास रिकामा झाला तरी उठली नाही. गिऱ्हाईक आलं आणि जागा लागली, तेव्हा उठली.

७

संक्रांत आली. फंडाची मुदत त्याच दिवशी संपत होती आणि फोटो राहिला होता तो फक्त तिचा. केदारचा फोन सकाळी आला नाही. दुपारी सुनेचा, श्रुतीचा मेसेज आला, तिळगुळाचं चित्र आणि जोडलेले हात. असंच चित्र बाकीच्यांनाही गेलं असणार.

फोटो नाही पाठवला तर ती कागदोपत्री मेली. पाठवायचा तर त्याच्यासकट जाणार, आणि पुढचं तिने वहिनींच्या खोलीत पाहिलं होतं. तरी तिने केस विंचरले. धुतलेली साडी नेसली. कॅमेऱ्याचा टायमर लावला, बाकड्याच्या मधोमध मांडी घालून बसावं तशी ऐसपैस बसली आणि भिंगाकडे डोळे वटारून बघितलं. टिक झालं.

फाइल उघडली. रंग काढला. पट्टी सरकवली. तिचा चेहरा वर आला, ठसठशीत, रागीट, कपाळावरच्या आठीसकट. मागे पांढरी भिंत. शेजारी बाकडं. बाकड्याच्या फळ्यांमधल्या रेघा.

कुणी नव्हतं.

पट्टी तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. कोळसा होईपर्यंत नेली. कुणीच नव्हतं. असा चोख फोटो फंडाला गेल्या कित्येक दिवसांत कुठल्याच बाईचा गेला नव्हता. एक बटण दाबलं की काम संपलं. ती वाचली होती.

तिने सुस्कारा टाकला. मग तसंच बसल्या बसल्या तिचा ऊर भरून आला आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"मेल्याला माझीच तेवढी अडचण," ती मोठ्याने म्हणाली.

रिकाम्या दुकानात ते वाक्य फारच मोठं वाटलं.

८

बटण तिने दाबलं नाही. सगळ्यांच्या प्रती पुन्हा मांडल्या, या वेळी आपला कागदही छापून शेवटी ठेवला. त्याला बघायचं नाही, बायांना बघायचं, असं ठरवून बघितलं.

मग लक्षात आलं. एकही बाई बाकड्याच्या मधे बसली नव्हती. सगळ्या आपल्या डाव्या टोकाला, अंग चोरून, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टांग्यात, सिनेमाला, जोडीच्या फोटोला, जन्मभर नवऱ्याच्या डाव्या हाताला बसलेल्या बाया. नवरे गेले, बसणं तेच राहिलं. रिकामी जागा दर वेळी सोबत घेऊन यायच्या, आणि ज्याला जागा हवी होती तो येऊन बसला.

सीमंतिनीने ती सवय मोडली होती. विश्वासराव गेले त्याच महिन्यात. पलंगावर मधोमध झोपायची, रिक्षात मधोमध बसायची. एकटी बाई कडेला बसली की जग तिला आणखी कडेला ढकलतं, असं तिचं मत होतं. म्हणून ती वाचली.

बाहेर परत कोहरा उतरत होता. पोरं पतंग गुंडाळून घरी चालली होती. दौलतसिंहाने आज लवकर आवरलं, त्याच्याकडे पाहुणे होते. त्याने आवाज दिला, "शटर गिरा दें, भाभीजी?" तिने नको म्हटलं. तो गेला. त्याच्या भट्टीतल्या निखाऱ्यांचा आवाज काही वेळ येत होता, मग तोही थांबला.

स्क्रीनवर तिचा फोटो तयार होता. चेहऱ्याला कड होती, डोळ्यांत धार होती. पहाडातला बाबू तो बघेल, फाइलीला लावेल. ही बाई जिवंत आहे. आणि मग पुढच्या संक्रांतीपर्यंत तिच्याकडे कुणी बघणार नाही.

तो विश्वासराव नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विश्वासरावांचे खांदे सरळ होते, फौजी. त्यांची मान कधी कलली नाही. वहिनींच्या गालांचं काय झालं तेही तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शहाण्या माणसाने बटण दाबावं, शटर ओढावं, घरी जाऊन खिचडी टाकावी. एका माणसापुरती.

ती उठली आणि मागच्या खोलीत गेली. दिवे लावले. कॅमेऱ्याचा टायमर लावला. लाल दिवा उघडझाप करू लागला. ती बाकड्याच्या मधोमध बसली, नेहमीसारखी.

दिवा भराभर लुकलुकायला लागला तसा तिने एक हात फळीवर टेकला आणि डावीकडे सरकली. थोडीशी. मग अगदी कडेपर्यंत.

टिक झालं. तिने मान वळवली नाही. उजवीकडून बाकडं कुरकुरलं आणि तिच्या बाजूची फळी किंचित वर उचलली गेली. ओल्या लोकरीसारखा वास आला. समोर भिंगात दिवे दिसत होते आणि दिव्यांखाली काहीतरी दोन. त्यातलं एक फार फिकं होतं.

सीमंतिनीने पदर सावरला.

"जपून बसा," ती म्हणाली. "तिकडचा खिळा वर आलाय."